रक्तातच आहे, असं म्हणू नकोस

होटगी रोड, सोलापूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर दारू सोडायचा विषय निघाला, तेव्हा तू म्हणालास, "आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे ते, आता काय सुटणार?" ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आईबापांकडून आलेली जनुकं बदलत नाहीत, हे खरं. पण कुठलं जनुक चालू राहायचं आणि कुठलं गप्प बसायचं, हे जन्मभर बदलत असतं. दारू नेमका तिथंच हात घालते. अण्णांनी चादरीच्या कारखान्यात जन्म काढला, तुला वेगळं सांगायला नको : सूत तेच असलं तरी मागावरच्या जेकार्डचे, नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते.

पोटात गेलेल्या दारूचं यकृत आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग ॲसिटेट. पहिलं तर विषच, थेट डीएनएला इजा करणारं. १९८८ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला कर्करोगकारक ठरवलंय. पण मला जास्त हलवून गेलं ते ॲसिटेट. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शास्त्रज्ञ शेली बर्गर यांच्या गटानं उंदरांमध्ये दाखवलं, की ते रक्तातून मेंदूत पोचतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांना या ॲसिटेटमधून आलेले ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात. गुंडाळी सैल होते आणि शिकण्याची, आठवणीची जनुकं जोरात चालू होतात. ज्या जागी दारू मिळाली, ती जागा उंदरांना हवीहवीशी वाटू लागली. हे गट चिकटवायच्या कामी येणारं विकर (एन्झाइम) मेंदूत कमी केल्यावर मात्र ती ओढ लागलीच नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. तरी कंपनीतून सुटल्यावर गाडी आपोआप त्या गल्लीकडे वळते असं तू सांगतोस, तेव्हा मला हेच आठवतं. तुला कुणी मनाचा कच्चा म्हटलं तर मला राग येतो, दत्ता.

आणि सकाळी डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉल घेतोस, ते आधी डॉक्टरांना सांग. रोज पिणाऱ्याच्या यकृतात एक विकर वाढलेलं असतं, ते या गोळीचंच विषारी द्रव्य जास्त बनवतं.

एक मात्र ऐक. रोजची सवय आहे, तर उद्यापासून एकदम बंद करू नकोस. थरथर सुटते, झटकेही येऊ शकतात, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊनच सोडायची. सोमवारी दुपारची वेळ घेऊन ठेव. मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय, आपण दोघं मिळून जाऊ. वहिनींना सांग, शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतो.

तुझा,
श्रीकांत