प्रबंध जमा करण्याआधी

कोल्हापूर
12 जुलै 2025

चि. सौ. शलाका हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास. लगेच परत फोन लावणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून आज सकाळी कागद घेऊन बसलो. आधी ओवीचा ताप उतरला का ते कळव. संदीपरावांच्या बदलीचं काय झालं तेही लिही. तुझ्या सासूबाईंना गुडघ्याचं तेल आईने बाजूला काढून ठेवलं आहे, दादा कराडला येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठवतो.

आता तुझ्या वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधात दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य म्हणून निघालेले ते 23 टक्के. आकडा सांगून तू म्हणालीस, "आण्णा, सगळं संपलं." काहीही संपलेलं नाही. ग्रंथालयाने जमा करण्याआधी काढून दिलेला रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. शांतपणे वाच, जमल्यास पेन्सिल घेऊन वाच. प्लॅगरिझमचे, म्हणजे वाङ्मयचौर्याचे, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम 2018 सालचे. त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर काहीच शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. चाळीस ते साठमध्ये गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे सगळं प्रबंध जमा केल्यानंतरचं. तुझा प्रबंध अजून तुझ्याच टेबलावर आहे.

शिवाय त्या 23 मध्ये काय काय मोजलंय ते बघितलंस का? संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजायचं नसतं. श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर मोजायचा नसतो. सर्वपरिचित माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे असतात. कित्येकदा ही वगळणी न लावताच रिपोर्ट काढला जातो आणि पोरं उगाच हादरतात. ग्रंथपालांना भेट आणि कोणकोणती वगळणी लावली होती ते विचार. तुझे जे दोन शोधनिबंध छापून आले त्यांतलाच मजकूर तिसऱ्या प्रकरणात आहे. तोही त्यात धरला असणार. त्याबद्दल तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते काढ, आणि तुझ्या मार्गदर्शक बाईंशी बोल. प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र त्यांनाही द्यावं लागतं, त्यामुळे हे काम तुझ्याइतकंच त्यांचंही आहे. त्या चिडतील म्हणून तू त्यांना टाळतेस, ते बरोबर नाही.

टक्के उतरवून देणाऱ्या गेटसमोरच्या त्या माणसाचा विषय पत्रात काढायचा नाही असं तुझ्या आईने बजावलं आहे. म्हणून तो बाजूला ठेवतो.

परवा माळ्यावरून तुझा रोपं दाबून वाळवायचा जुना प्रेस खाली काढला. लाकडी पट्ट्यांना अजून तोच वास आहे. तुला आठवतं, मसाईच्या पठारावरून येताना आपण चिंब भिजलेलो असायचो, आणि तू कपडे बदलायच्या आधी रोपं कागदात घालत बसायचीस? पावसाळ्यात रोज कागद बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते, हे मला तूच शिकवलंस. तू कॉलेजला गेलीस की ते काम माझ्याकडे. शेजारपाजारची सगळी रद्दी आपल्याकडे यायची. आई स्वयंपाक झाल्यावर शेगडीजवळ कागद वाळवत ठेवायची आणि भाकरीपेक्षा जास्त लक्ष त्यांच्याकडे द्यायची. ओला कागद सोडवताना गेंदाच्या रोपाचा तो पांढरा गोंडा तुटू नये म्हणून मी श्वास रोखून धरायचो. मग 42 बाय 28 सेंटिमीटरचा जाड कागद, उजव्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: गाव, उंची, तारीख, जमा करणाऱ्याचं नाव. त्या चिठ्ठीवर तुझं नाव बघितलं की मला किती बरं वाटायचं ते कधी बोललो नाही. आपल्या घरात छापील नाव यायचं ते रेशनकार्डावर आणि मतदारयादीत.

कासला सगळं जग सप्टेंबरात जातं, फोटो काढतं. तू जुलैपासून सड्यावर. साताऱ्याच्या नावाचा वायतुरा मला डबक्यात बोट दाखवून ओळखायला लावलास. गेंदाच्या जाती मात्र मला कधीच वेगळ्या दिसल्या नाहीत, सगळी पांढरी टिकलीच. तू म्हणायचीस, डोळ्यांनी नाही कळत आण्णा, बी बघावं लागतं. अर्ध्या मिलिमीटरचं बी, आणि त्याच्या पाठीवरची नक्षी बघून तू जात सांगायचीस.

म्हणूनच मला कळत नाही की तुझं तिसरं प्रकरण दुसऱ्या कुणाच्या वाक्यासारखं का दिसावं. तू सांगितलंस की वर्णनं सगळीकडे तशीच लिहितात, पानं रेषाकृती, दांडा खाचांचा, बाहेरची छदं अमुक आकाराची, आणि जुन्या फ्लोरांत, म्हणजे वनस्पतींच्या वर्णनग्रंथांत, तेच शब्द आहेत. शब्द तेच राहणार, शास्त्राचे शब्द बदलून कसे चालतील? पण मापं तुझी आहेत. पिवळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांत प्रत्येक रोपाचं माप आहे, दांडा किती, पान किती, गोंड्याचा व्यास किती. संध्याकाळी तू बोलायचीस आणि मी लिहायचो, म्हणून काही पानांवर माझं अक्षर आहे. फ्लोरा मिटून ठेव आणि त्या वह्यांवरून लिही. आधी आकडा, मग वाक्य. पाठीमागच्या खोलीत लोखंडी कपाटात सगळ्या आहेत, मी काल मोजून घेतल्या, चाळीसगावच्या लग्नाच्या वेळी हरवली असं वाटलेली वहीसुद्धा आत आहे. त्या गेटसमोरच्या माणसाकडे या वह्या नाहीत, शलू. त्याच्याकडे फक्त वाक्य फिरवून देणारं यंत्र आहे. त्या यंत्राला रिसेप्टॅकल हा फुलाचा भाग आहे हे कुठून कळणार? ते त्याचा कंटेनर करून मोकळं होईल. टक्के उतरतील आणि बाहेरच्या राज्यातला परीक्षक दहाव्या पानावर थांबेल.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

मी परीक्षा विभागात काय काम करायचो ते तुम्हा मुलांना कधी नीट सांगितलं नाही. सुरुवातीला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पुरवण्यांना दोरा बांधलाय का ते बघायचं. नंतर बारकोड आले, पेपर एकत्र तपासायची कॅप सेंटरं आली, प्रश्नपत्रिका लाखेच्या सीलऐवजी सकाळी संगणकावर यायला लागल्या. कायद्याने निकाल 30 दिवसांत लावायचा, फार तर 45. त्या दिवसांत घरी आलो तरी डोकं तिथेच असायचं. कॉपीची प्रकरणं बघितली, त्यांच्यासाठी 1982 चा वेगळा कायदाच आहे. तिथे वर्गात कुणीतरी उभं असतं, घंटा होते, पेपर काढून घेतला जातो. शेवटची काही वर्षं मला पीएच.डी.च्या टेबलावर दिलं. तिथे कुणी उभं नसतं. तिथे फक्त एक हमीपत्र असतं, हे माझं मूळ काम आहे असं उमेदवार लिहून देतो आणि खाली सही करतो. बाकी सगळी पानं त्या सहीवर उभी असतात.

एका माणसाची गोष्ट मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. नाव सांगणार नाही. पदवी मिळून बरीच वर्षं झाली होती, मोठ्या हुद्द्यावर होते, आणि एक दिवस तक्रार आली. रेकॉर्ड रूममधून त्यांचा प्रबंध मीच काढून आणला. मरून बांधणी, सोनेरी अक्षरं, वर धूळ. चौकशीच्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले होते. वडील दवाखान्यात होते, मुदत संपत आली होती, म्हणून एक प्रकरण लिहायला दुसऱ्याला दिलं होतं. एकच. बाकीचं सगळं त्यांनी स्वतः, रात्री जागून केलेलं. ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते की बाकीचं माझं आहे हो, बघा ना, बाकीचं माझं आहे. मी लिपिक, मी काय बघणार? पाण्याचा ग्लास दिला. हातातला ग्लास त्यांना तोंडापर्यंत नेता येईना.

आताच्या नियमांत तर स्पष्टच आहे, पदवी दिल्यानंतर चोरी सिद्ध झाली तरी ती पदवी स्थगित ठेवता येते. आणि आता प्रबंध रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जातो, कुणीही, कधीही, कुठूनही उघडून बघू शकतो. तू चाळीस वर्षांची असशील, पन्नास वर्षांची असशील, ओवी कॉलेजात असेल. मी तेव्हा नसेन. त्या खुर्चीवर माझी मुलगी मला दिसायला लागते आणि मग माझा आवाज चढतो. एवढंच आहे ते.

तू असं काही केलंयस किंवा करशील असं मी म्हणत नाही. काल तसं ऐकू गेलं असेल तर मनातून काढून टाक. तू दमली आहेस हे मला दिसतं. तासिका तत्त्वावर शिकवायचं, एसटीने जायचं-यायचं, मानधन कधी दिवाळीनंतर तर कधी मार्चनंतर, घरी आल्यावर ओवी, आणि सगळे झोपल्यावर प्रबंध. भरतीची जाहिरात निघाली आणि पीएच.डी.चं नोटिफिकेशन हातात नसलं तर काय, ही टांगती तलवार मला समजते. दमलेल्या माणसाला गेटसमोरचं दुकान सोपं दिसतं. ते दुकान दमलेल्यांसाठीच उघडलेलं असतं.

म्हणून मुदतीचं सांगतो, आणि हे ऐकच. तुझी नोंदणी डिसेंबर 2019 ची. पीएच.डी.चे 2022 चे नवे नियम नोव्हेंबर 2022 नंतर नोंदणी झालेल्यांना, तुला 2016 चेच लागू. सहा वर्षं म्हणजे या डिसेंबरपर्यंत. पण त्याच नियमांत महिला उमेदवारांना कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे. ही मेहेरबानी नाही. ओवीच्या वेळची 240 दिवसांची रजा तू नियमानेच घेतलीस ना? तसंच हे. "लोक काय म्हणतील, सहा वर्षांत झालं नाही" असं तू म्हणालीस. कोण लोक? सातारच्या आत्या? त्यांना प्रबंध म्हणजे काय हेही ठाऊक नाही. माझ्या टेबलावरून मुदतवाढीचे कितीतरी अर्ज गेले, त्यांतली कित्येक माणसं आज नावाजलेली आहेत. पदवीच्या प्रमाणपत्रावर मुदतवाढ छापलेली नसते.

घाईने जमा केलंस तरी पुढे वेळ जाणारच आहे. बाईंशिवाय बाहेरचे किमान दोन परीक्षक, त्यांचे अहवाल, मग तोंडी परीक्षा. ती तोंडी परीक्षा खुली असते. मी येणार आहे. मागच्या ओळीत बसेन, काही बोलणार नाही. परीक्षकाने विचारलं की हे माप कुठून घेतलं, तर तू सांगावंस की मसाईच्या पठारावर, अमुक तारखेला, पाऊस होता. हे ऐकायला मी येणार आहे.

फारच लिहिलं. आई म्हणते, पोरीला धीर द्यायला बसलात की शिस्तभंगाची नोटीस द्यायला. मला धीर देण्याची दुसरी रीत येत नाही, सांभाळून घे. तुझ्या आईचं म्हणणं, ओवीला पंधरा-वीस दिवस इकडे पाठव. मलाही ते पटतं. अंगणवाडी काय, इथलीही आहे. तुला रात्री झोप मिळेल आणि दिवसा लिहायला वेळ. नाहीतर तू ये. मागची खोली रिकामी करून ठेवतो, टेबल खिडकीपाशी घेतो. मापं मी वाचतो, तू टाईप कर.

वह्या कुरिअरने पाठवणार नाही, हरवल्या तर पुन्हा मिळायच्या नाहीत. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मीच घेऊन येतो. संदीपरावांना स्टँडवर येण्याची गरज नाही, रिक्षा करीन.

मुदतवाढीचा अर्ज तोवर तयार ठेव. अर्जावर आधी बाईंची सही, मग विभागप्रमुखांची शिफारस, मगच आवक-जावकला द्यायचा, आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शुल्काची पावती, नोंदणीचं पत्र आणि सहामाही प्रगती अहवालांच्या प्रती जोड. मागचा अहवाल वेळेत दिला होतास ना? नसेल तर आधी तो दे.

तुझे
आण्णा