आमच्या साधनव्यक्ती मॅडमना, झरी जामणीहून

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात झाली. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, दोन-चार जण बोलले, पण मनातलं नीट सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण शिक्षकांना मार्गदर्शन करणारी साधनव्यक्ती म्हणून तुम्ही आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, जे उभं केलं ते दुसरीकडच्या शिक्षकांनीही उचलावं असं मला फार वाटतं.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाचा, तेलंगणाला लागून असलेला तालुका. कापूस, तूर, सोयाबीन, आणि मधेमधे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. माझी शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पोडावरची मुलं घरी कोलामी बोलतात, गावातली मुलं वऱ्हाडी बोलतात, आणि पुस्तकातली मराठी दोघांनाही शाळेतच भेटते. दोन शिक्षक, चार वर्ग, शिवाय पोषण आहार, यू-डायसवर शाळेची आकडेवारी भरणं आणि रोजची ऑनलाइन माहिती. यात नवं काही शिकायला वेळ काढायचा म्हणजे तो कुठल्या तरी मुलाच्या वाट्याचा काढावा लागतो. तुम्ही हे पहिल्याच भेटीत ओळखलंत.

तंत्रज्ञान आमच्याकडे तुमच्या आधीच आलं होतं. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासकीय कार्यक्रमानंतर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. २०१७ मध्ये दीक्षा हे सरकारचं ऑनलाइन शिक्षण-साहित्याचं व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. कोरोनात शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सॲपवर अभ्यास गेला. पुढे चॅटजीपीटीसारखी साधनं आली. प्रत्येक वेळी प्रशिक्षण वरून खाली यायचं. चार पायऱ्या उतरून आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात लिंक आणि प्रमाणपत्र एवढंच उरायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असं म्हटलं आहे. ते तास कशात घालवायचे, हे शिक्षकांना विचारणाऱ्या आम्हाला भेटलेल्या पहिल्या तुम्ही.

तुम्ही केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, धरलीत. नवी सभा नाही, नवा ग्रुप नाही, जी होतच होती तीच. पत्रकं वाचून दाखवणं बंद केलंत, ती आधीच पाठवून द्यायचात. परिषदेत एकच काम: एका शिक्षकाने आपल्या वर्गातला दोन-तीन मिनिटांचा तुकडा मोबाइलवर टिपून आणायचा. आणि नियम असा, की पाहिल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. मूल कुठे थांबलं? थांबण्याआधी काय झालं? हा नियम पाळणं आम्हाला फार जड गेलं. शिक्षकाला सल्ला न देता बसवणं सोपं नाही.

आमच्या केंद्रातले सर्वांत ज्येष्ठ गुरुजी तेव्हा म्हणाले होते, “मॅडम, मले मोबाइलचं काही समजत नाही. पण पोट्टं कुठं अडते ते मले बरोबर समजते.” तुम्ही म्हणालात, “मग सर, मला तुम्हीच पाहिजे.” आणि त्यांची जोडी नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षणसेवकाशी लावून दिलीत. एकाला यंत्र कळतं, दुसऱ्याला मूल. पुढे सगळ्या केंद्रात तुम्ही अशाच जोड्या लावल्या. ते गुरुजी आता निवृत्तीला आले आहेत. सध्या तेच मुलांच्या वाचनाच्या आवाजाच्या फायली तारखेनुसार लावून ठेवतात, आणि मागच्या वर्षीची फाइल काढून “ऐका, तवा कशी वाचत होती, आता कशी वाचते” म्हणून पालकांना ऐकवतात.

वाचनाच्या ॲपचा प्रसंग मात्र सविस्तर लिहायलाच हवा. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि चूक-बरोबर दाखवतं, अशी ती सोय. शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी दुसरीतल्या एका मुलीचा तुकडा आणला होता. ओळ होती ‘काळा बैल’. मुलीने न अडखळता वाचलं, “काया बैल.” ॲपने चूक दाखवली. तिने पुन्हा वाचलं, पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी तिचा आवाज इतका खाली गेला की आम्हाला स्पीकरला कान लावावा लागला. एरवी आम्ही म्हटलं असतं, उच्चार सुधारा. तुम्ही तुकडा पुन्हा लावलात आणि विचारलंत, “हिला वाचता येतं की नाही?” खोलीत बराच वेळ चर्चा झाली. वऱ्हाडीत ळ चा य होतो, घरी तिचा बैल कायाच असतो. अक्षर तिने ओळखलं होतं, अर्थही तिला ठाऊक होता, उच्चार तेवढा घरचा होता. यंत्राला हे ऐकू येत नव्हतं आणि आम्हाला येत होतं.

त्या दिवशी आम्ही तिथेच ठरवलं: ॲप सरावाला ठेवायचं, त्याचे गुण नोंदवहीत घ्यायचे नाहीत. वाचन शिक्षकानेच ऐकून तपासायचं, आणि दर महिन्याला एका शाळेच्या ध्वनिफिती दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने ऐकायच्या. कुणाचा आदेश नव्हता. आमच्या नोकरीत तंत्रज्ञानाबद्दलचा एक निर्णय आम्ही मिळून, कारण सांगून घेतला, असं प्रथमच घडत होतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वेळीही तुम्ही हाच धीर दाखवलात. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी जो एआय क्षमता आराखडा काढला, तो तुम्ही आमच्यासाठी मराठीत फळ्यावर मांडलात. पाच अंगं आणि १५ क्षमता. त्यात पहिलं अंग माणूस केंद्रस्थानी ठेवण्याचं, दुसरं नीतीचं, आणि साधनाची ओळख त्यानंतर. क्रम बघा, म्हणालात. वर्गात मुलांनी ही साधनं स्वतंत्रपणे वापरायला किमान वय १३ असावं, हे युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शनातलं वाक्यही तुम्हीच दाखवलंत. आमची मुलं दहाच्या आतली. म्हणून ठरलं, की साधन शिक्षकाच्या हाती राहील आणि मुलाचं नाव, फोटो, आवाज त्यात कधीही टाकायचा नाही.

मग आम्ही त्या साधनाकडे तिसरीसाठी बाजाराची गोष्ट मागितली. आली ती शहरातल्या मॉलची, भाषा शासकीय पत्रकाची. आम्ही सहा-सात जण ती घेऊन बसलो आणि मुकुटबनचा आठवडी बाजार त्यात आणला. सरकीच्या ढेपेचा भाव आला, चिल्लर मोजणारी आजी आली, हिशेबाची उदाहरणं बदलली. मला त्या गोष्टीपेक्षा ते बसणं मोलाचं वाटतं. मूळ मसुदा कुणा माणसाचा नसल्यामुळे सगळे मोकळेपणाने खोडत होते. एरवी सहकाऱ्याच्या पाठावर लाल रेघ मारायला आमचा हात धजत नाही.

प्रत्येक साधनाला तुम्ही एक प्रश्न विचारायचात: याने मुलाच्या हाताला काय काम मिळतं? हा प्रश्न आपल्या विदर्भातलाच आहे, असंही सांगायचात. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याची नई तालीम तिथून पुढे आली. तुमच्या या प्रश्नात बरेच व्हिडिओ नापास झाले. उच्च प्राथमिकच्या सरांनी विद्युत परिपथ शिकवताना आधी सेल, तारा आणि बल्ब मुलांच्या हाती दिले आणि नंतर पडद्यावर करून पाहायचे प्रयोग देणारं फेट लावलं. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो. आमच्यासाठी ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

आमच्या शाळेत या प्रश्नातून कोलामीचं काम निघालं. आदिवासी भाषांच्या भाषांतरासाठीचं आदि वाणी हे सरकारी ॲप २०२५ मध्ये आलं, त्यात गोंडी आहे, भिली, मुंडारी, संथाळी आहे. कोलामी नाही. मी हे निराश होऊन सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मग आपण वाट कशाला पाहायची? तिसरी-चौथीची मुलं मोबाइल घेऊन पोडावर गेली. म्हाताऱ्यांकडून पेरणीच्या, जंगलातल्या, पोळ्याच्या गोष्टी टिपून आणल्या. आता वर्गात त्या ऐकून मुलं देवनागरीत लिहितात आणि खाली मराठीत सांगतात. कुठे अडलं की एक आजोबा शाळेत येऊन दुरुस्त करतात. जी मुलं मराठीच्या तासाला गप्प असायची, ती आता मला शिकवतात. एका आईने मला विचारलं, “आमची बोली शाळेत चालते का जी?” हो म्हणताना माझा गळा भरून आला होता, ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी तुम्ही परिषदेत मागच्या बाकावर बसायला लागलात. विषय आम्ही ठरवायचा, चर्चा आम्ही चालवायची, टिपण आम्ही लिहायचं. तुम्ही बोलायचात ते कुणी विचारलं तरच. तेव्हा काहींना वाटलं, मॅडमचं लक्ष कमी झालं. तुमच्या जाण्यानंतरही परिषद एकदाही चुकली नाही, यावरून कारण सगळ्यांना कळलं. त्या शिक्षणसेवक सरांनी दोन महिने ती चालवली, आता पाळी माझी आहे.

तुमचे मनापासून आभार, मॅडम. आम्हाला शिकवल्याबद्दल आहेतच, पण आमच्याकडे आधीपासून जे होतं त्यावर विश्वास ठेवल्याबद्दल जास्त.

एक विनंती. पुढच्या परिषदेत आम्ही कोलामी गोष्टींचं काम मांडणार आहोत. तुमच्या नव्या तालुक्यातले चार-दोन शिक्षक सोबत घेऊन या. त्यांच्याकडेही घरची बोली वेगळी असलेली मुलं असतीलच, त्यांच्या ध्वनिफिती आणल्या तर आपण मिळून ऐकू. ध्वनिफिती पेनड्राइव्हवरच आणा. आणि आमच्याकडे पोडाच्या अलीकडेच रेंज जाते, तेव्हा मुकुटबनहून निघतानाच फोन करा, मी रस्त्यावर कुणाला तरी उभं करते.

आपली,
द्विशिक्षकी शाळेतली एक शिक्षिका
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ