चिठ्ठीवर माल देणाऱ्या शेठजींस

आदरणीय शेठजी,

सप्रेम नमस्कार.

येत्या 27 सप्टेंबरला संत व्हिन्सेंट डी पॉल यांचा सण आहे. दरवर्षी त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की आमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या इथल्या शाखेची, वार्षिक सभा भरते, चिटणीस या नात्याने मी वर्षाचा अहवाल वाचतो आणि शेवटी मदत करणाऱ्यांचे आभार मानतो. त्या आभारांत गेली 14 वर्षे आपला उल्लेख झाला नाही, कारण तो होऊ नये अशी आपलीच अट होती. आता आपली इमारत पुनर्विकासात गेली, दुकानाचे शटर कायमचे खाली आले आणि आपण बडोद्याला मुलीकडे राहायला निघालात. चिठ्ठीची पद्धतही दुकानाबरोबर संपली, म्हणून ती कशी चालत होती हे सांगायला आता हरकत नाही. नाव तेवढे छापू नका, असे आपण परवाही बजावलेत, ते पाळतो आहे. अर्थात वसईतल्या आमच्या गावात हे पत्र कोणासाठी आहे हे कळायला पाच मिनिटेही लागणार नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

आपल्याला आमच्या संघाची रीत ठाऊक आहे, परंतु हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडे सांगतो. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या 20 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मित्रांना घेऊन ही सोसायटी सुरू केली. आज तिची शाखा म्हणजे कॉन्फरन्स ज्या ज्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, आहे, तिथे प्रापंचिक माणसे ठरल्या दिवशी जमतात, प्रार्थना करतात, अडचणीतल्या कुटुंबांविषयी बोलतात आणि दोघादोघांनी त्यांच्या घरी जाऊन भेटतात. सभेच्या अखेरीस एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालून बाहेर काढतो. त्या मुठीत पाचशेची नोट होती, नाणे होते की काहीच नव्हते, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मात्र देणाऱ्याचा संकोच सांभाळणारी ही पिशवी आमच्याकडे इतकी वर्षे फिरत असताना, घेणाऱ्याचा संकोच आम्ही एका नाताळात पार विसरलो, आणि आपली खरी ओळख तिथूनच झाली.

त्या वर्षी आम्ही आपल्याकडूनच माल घेऊन पिशव्या भरल्या, चर्चच्या हॉलमध्ये टेबले मांडली, माइकवर एकेका कुटुंबाचे नाव पुकारले आणि पिशवी देताना फोटो काढून ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले. यात काही चुकते आहे असे आमच्यापैकी एकालाही वाटले नाही, हे मी कबूल करतो. उलट कार्यक्रम झकास झाला म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक विधवा बाई माझ्या ओट्यावर ती पिशवी ठेवून गेल्या. तांदूळ, डाळ, तेल, करंज्यांसाठी दिलेला रवा, सगळे जसेच्या तसे होते. त्या रागावल्या नव्हत्या. ‘माझ्या मुलीच्या वर्गातल्या पोरांनी तो फोटो बघितला,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

ती पिशवी परत करायला मी आपल्या दुकानात आलो, तेव्हा खरे कारण सांगायचे माझ्या मनात नव्हते, पण आपण विचारलेत आणि मी सांगितले. आपण माल परत घेतलात, पैसे मोजून दिलेत आणि गिऱ्हाइकाची रवाळ तुपाची बरणी बांधता बांधता म्हणालात, की तुम्ही त्यांना पिशवी देता म्हणून ती दिसते, त्यांना माझ्याकडे पाठवा, दुकानात आलेला माणूस गिऱ्हाईक असतो. आमच्यात याला गुप्तदान म्हणतात, असेही आपण जोडलेत. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे शुभवर्तमानातले वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते आचरणात कसे आणायचे हे आम्हांला किराण्याच्या गल्ल्यावर उमजावे, याची थोडी लाज आणि पुष्कळ गंमत मला अजून वाटते.

त्यानंतर चिठ्ठी सुरू झाली. ती म्हणजे आपल्याच दुकानाच्या पावतीपुस्तकातला साधा कागद असे. त्यावर ना सोसायटीचा शिक्का, ना कुटुंबाचे नाव; फक्त रक्कम आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक बारीक ठिपका. भेटीला जाणारे दोघे सभासद ती घरी देत. घरची बाई किंवा मुलगा इतर चार गिऱ्हाइकांत उभा राहून यादी सांगे, पैशांच्या जागी चिठ्ठी पुढे करी, आणि आपण ती न वाचल्यासारखी वाचून गल्ल्यामागच्या तारेत खोचत असा. महिनाअखेरीला ती तार घेऊन आपण आणि मी हिशेबाला बसायचो. आपल्या चोपडीत सगळ्या 11 कुटुंबांचे मिळून एकच खाते होते आणि त्याचे नाव होते ‘मंडळ’. माल आपण खरेदीच्या भावाने लावत होतात, हे मला दोन वर्षांनी आणि तेही बाजारात सहज भाव विचारल्यामुळे समजले.

पुढे केव्हातरी मी ओझानाम यांच्याविषयी वाचत असताना त्यांना गरिबांच्या घरी जायला शिकवणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांची माहिती हाती लागली. पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या या धर्मभगिनीने त्या विद्यार्थ्यांना भेट द्यायची घरे दाखवली आणि सुरुवातीला त्या घरी देण्यासाठी पावाच्या चिठ्ठ्याही दिल्या. म्हणजे जी युक्ती आपण तुपाची बरणी बांधता बांधता सुचवलीत, तिच्यावरच आमच्या संघाची पहिली पावले पडली होती. हे मी आपल्याला सांगितले, तेव्हा आपण फक्त विचारलेत, त्या चिठ्ठ्यांचे पैसे दुकानदाराला वेळेवर मिळत होते का. त्याचे उत्तर मला देता आले नाही.

सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. एकदा आमच्या एका ज्येष्ठ सभासदाच्या कानावर आले, की एका घरच्या माणसाने चिठ्ठीवर बिडीचे बंडल नेले. त्यांनी सभेत विषय काढला आणि कोण काय नेते याची यादी शेठजींकडून दरमहा मागवावी असा आग्रह धरला. मी ती मागायला आलो. गिऱ्हाईक काय घेते ते तिसऱ्याला सांगणे धंद्याला शोभत नाही, हे आपले उत्तर ठाम होते, आणि यादीच हवी असेल तर दुसरे दुकान बघा हे पुढचे वाक्य त्याहून ठाम. त्या दिवशी मला आपला राग आला होता, कारण पैसा शेवटी सभासदांच्या पिशवीतला होता आणि त्याचा हिशेब मागणे आमचे कर्तव्यच होते. आमच्या सभेत त्यावर दोन आठवडे वाद झाला. शेवटी ठरले, की काही शंका असेल तर घरी जाऊन समोरासमोर बोलावे, दुकानातून बातमी काढू नये. त्या माणसाशी आम्ही बोललो. बिडी सुटली की नाही ते मला माहीत नाही; पण बोलता बोलता त्याच्या पायाच्या जखमेचा विषय निघाला आणि त्याला वेळेत दवाखान्यात नेता आले.

2018 च्या जुलैत वसई पाण्यात बुडाली आणि वीज गेली, तेव्हा आपल्या खालच्या फळीवरची पोती भिजून गेली होती. तरी आपण वरच्या फळीवरचे पोहे आणि मेणबत्त्या वाटायला काढून दिल्यात. पण आभार मानायचे ते मुख्यतः 2020 च्या मार्चनंतरच्या महिन्यांसाठी. चर्च बंद झाले, सभा बंद झाल्या, म्हणून पिशवीही फिरेना. तिकडे मदत मागणारी घरे दुप्पट झाली, त्यांत रिक्षावाले होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, आणि लग्नेच थांबल्यामुळे घरी बसलेले बँडवालेही होते. चिठ्ठी घरी पोचवायची सोय नव्हती. मी फोनवर फक्त रक्कम सांगायचो, ठिपका आपणच काढायचात, आणि दुधाच्या फेरीवर जाणारा मुलगा आपला माल दारात ठेवून यायचा. तीन महिने आपल्याला एक रुपया पोचला नाही. आपण एकदाही विचारणा केली नाहीत. सभा पुन्हा सुरू झाल्यावर मी ‘मंडळ’ खात्याचा आकडा वाचून दाखवला, तेव्हा खोलीत शांतता पसरली. तो फेडायला आम्हांला दीड वर्ष लागले.

आपल्याला न सांगितलेली एक गोष्ट इथे सांगतो. गेल्या पावसाळ्यात भेटीहून परतलेल्या सभासदांनी एक चिठ्ठी न वापरलेली परत आणली. तिच्या मागे शाळकरी अक्षरात लिहिले होते, ‘आईला पगार सुरू झाला. दुसऱ्या कोणाला द्या.’ ती अहवालाच्या फाइलमध्ये लावायची होती, परंतु अक्षरावरून घर ओळखले जाईल म्हणून लावली नाही. ती माझ्याकडे आहे.

आता दुकान बंद झाल्यावर आम्ही दुसऱ्या एका दुकानदाराशी बोललो आहोत. ते तयार आहेत, मात्र खरेदीच्या भावाची गोष्ट मी काढली नाही आणि यादीची तर मुळीच नाही. कॉन्फरन्सच्या सर्व सभासदांच्या वतीने, आणि ज्यांची नावे आपण 14 वर्षे तोंडातून काढली नाहीत त्या घरांच्या वतीने, मी आपले मनःपूर्वक आभार मानतो.

एक काम राहिले आहे. शेवटच्या महिन्याची तार आपण माझ्या हाती दिलीत, तिच्यावर ठिपक्याच्या 9 चिठ्ठ्या आहेत, पण त्यांचे बिल आपण अजून दिलेले नाही आणि विचारले की विषय बदलता. बडोद्याची गाडी पकडण्यापूर्वी ते पाठवावे. सभासदांनी पिशवीतले पैसे मोजून वेगळे काढून ठेवले आहेत.

आपला नम्र,
चिटणीस