फिल्मस्ट्रिपवाल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून यावेळी सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यापुरतं ठेवण्यासारखं नाही. कुणाच्या गोदामात, गॅरेजात असा एखादा खोका पडून असेल, तर त्यालाही याचा उपयोग व्हावा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्हिडिओ कॅसेट येण्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतल्या मोटार कंपन्या डीलरांकडच्या मेकॅनिकना फिल्मस्ट्रिपवरून शिकवत. ३५ मिलिमीटर रुंदीची एक लांब पट्टी, तिच्यावर एकाखाली एक स्थिर चित्रं आणि सोबत निवेदनाची रेकॉर्ड. रेकॉर्डमधून ‘टिंग’ आवाज आला की प्रोजेक्टरवाला पुढचं चित्र आणायचा. शेवरोलेसाठी असं साहित्य डेट्रॉइटच्या जॅम हँडी यांच्या संस्थेने भरपूर बनवलं. हे गृहस्थ १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात आणि पुढे १९२४ साली वॉटर पोलोत कांस्यपदक मिळवलेले! क्रायस्लरच्या ‘मास्टर टेक्निशियन्स सर्व्हिस कॉन्फरन्स’ या प्रशिक्षणाच्या मालिकेत ‘टेक’ नावाचं एक कार्टून पात्र असायचं, आणि फिल्मस्ट्रिप, रेकॉर्ड आणि छापील पुस्तिका असा संच डीलरकडे यायचा. माझ्या हाती आलेला खोका याच मालिकेचा होता. बंद पडलेल्या एका डीलरच्या माळ्यावरून आलेला, आणि आतलं सगळं एकमेकांत मिसळलेलं.

काका, तुम्ही स्वतः त्या काळात वर्कशॉपमध्ये या पट्ट्या बघत शिकलात. म्हणूनच खोका उघडल्यावर पहिलं काय म्हणालात ते मला महत्त्वाचं वाटतं. “आधी जोड्या लाव. पट्टी एकीकडे आणि रेकॉर्ड दुसरीकडे गेली, की दोन्ही मुकी.” मग आपण जमिनीवर बसून डब्यांची झाकणं, रेकॉर्डची लेबलं आणि पुस्तिकांची मुखपृष्ठं एकमेकांशी जुळवत बसलो. एकही पट्टी तोवर तुम्ही प्रोजेक्टरला लावू दिली नाहीत. त्या दिव्याची उष्णता आणि दात्यांची ओढ जुन्या फिल्मला सोसत नाही, आकसलेल्या पट्टीची कडेची भोकं तर फाटतातच. प्रकाशपेटीवर ठेवून भिंगातून बघायचं, कडेला धरायचं, वळलेली पट्टी उलटी वाकवून सरळ करायला जायचं नाही. आणि प्रत्येक डबा उघडल्यावर आधी वास घ्यायचा.

त्या वासाने आपल्या दोन पट्ट्या वाचवल्या. ॲसिटेट (एका प्रकारच्या प्लास्टिकची) फिल्म कुजायला लागली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, म्हणजेच व्हिनेगरचा वास येतो, आणि ते आम्ल शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. तुम्ही त्या दोन लगेच बाजूला काढल्यात, घट्ट झाकणाच्या डब्यातून काढून हवा खेळेल अशा ठेवल्यात आणि आधी त्यांचंच स्कॅनिंग करायला लावलंत. बाकीच्या कोरड्या, थंड जागी गेल्या.

स्कॅनिंगचंही तुम्ही आधीच बजावलं होतं. फिल्मस्ट्रिपची चौकट साध्या कॅमेऱ्याच्या चौकटीच्या निम्मी असते, २४ बाय ३६ ऐवजी १८ बाय २४ मिलिमीटर. स्कॅनर आपल्या समजुतीने दोन चित्रं एका फोटोत घेतो, म्हणून कापणी हाताने करायची. पट्टीचे तुकडे मात्र करायचे नाहीत! सोय व्हावी म्हणून स्लाइडच्या चौकटीत बसवायला पट्टी कापणारे लोक असतात हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, आणि तो चढायलाच हवा.

आता अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, त्या पट्टीबद्दल, जिच्यासाठी मुळात हे पत्र लिहायला बसलो. १९६० च्या व्हॅलियंटपासून क्रायस्लरने जनरेटरच्या जागी अल्टरनेटर द्यायला सुरुवात केली, आणि जनरेटरवर हात बसलेल्या मेकॅनिकना सगळं नव्याने शिकावं लागलं. आतले सहा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), त्यातले तीन धन आणि तीन ऋण बाजूचे. बॅटरी उलटी जोडली की ते जळालेच. पट्टीत वायरिंगची एक आकृती आहे. फिल्ममधला निळसर रंग उडून गेल्यामुळे अख्खं चित्र गुलाबी झालंय, आणि त्यात कुठली वायर हिरवी न् कुठली निळी हे कुणालाही सांगता येणार नाही. मी संगणकावर रंग ओढून ताणून बघत होतो. तुम्ही म्हणालात, “अरे, आधी रेकॉर्ड तर ऐक.” निवेदक एकेका वायरचा रंग नाव घेऊन सांगत होता! पुस्तिकेतही तीच आकृती होती, रंगांच्या अक्षरांसकट. चित्राचं जे गेलं होतं ते आवाजाने आणि कागदाने परत दिलं. जोड्या का लावायच्या, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

रेकॉर्डच्या बाबतीत तर तुमचे कान म्हणजे कमाल. स्वच्छता डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने, लेबल कोरडं ठेवून. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत. जुन्या रुंद खाचांच्या रेकॉर्डला एलपीची (नंतरच्या बारीक खाचांच्या रेकॉर्डची) बारीक सुई लावायची नाही, ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर वाढते. हे सगळं पुस्तकांत सापडतं. पण एका रेकॉर्डवर ‘टिंग’ ऐकूच येत नव्हती, तेव्हा तुम्ही स्पीकरवर हात ठेवलात आणि म्हणालात, “आहे, आहे. खाली आहे.” पुढच्या काळातल्या स्वयंचलित प्रोजेक्टरसाठी खूण म्हणून ५० हर्ट्झचा खोल सूर भरलेला असे. माणसाचं लक्ष त्याकडे जात नाही, यंत्र मात्र तो ओळखून पट्टी पुढे सरकवतं. खालची घरघर काढणारा फिल्टर लावला असता तर चित्र कधी बदलायचं याची एकमेव नोंद पुसली गेली असती. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे विजेची गुणगुण आणि ही खूण संगणकावर वेगवेगळ्या रेषांत दिसतात, हेही तुम्हीच दाखवलंत. तेव्हापासून आपला नियम ठरला: मूळ आवाज २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सगळ्या बारकाव्यांसकट, काहीही न काढता साठवायचा. साफसफाई करायची ती प्रतीवर.

काका, या पट्ट्यांमध्ये कुणी मोठं माणूस नाही. हात आहेत, पाने आहेत, ग्रीसने माखलेले कपडे आहेत, आणि “हे असं का करायचं” हे मेकॅनिकला शहाणा समजून सांगणारा एक आवाज आहे. जुन्या गाडीची दुरुस्ती करणाऱ्याला आजही त्यातून नेमकं उत्तर मिळतं. मॅन्युअलमध्ये माप असतं, पण बोल्ट सैल करताना दुसरा हात कुठे ठेवायचा ते चित्रातच दिसतं. ही विद्या टिकावी म्हणून तुम्ही आपल्या शनिवार-रविवारच्या सुट्ट्या दिल्यात, डोळ्यांना त्रास होत असताना भिंग धरून बसलात, आणि माझ्या त्याच त्या प्रश्नांना कधी कंटाळला नाहीत. मी तुमचा फार ऋणी आहे.

सगळ्या जोड्यांच्या प्रती असलेली हार्ड डिस्क तुमच्याकडे पाठवली आहे. दुसरा संच माझ्याकडे, तिसरा वेगळ्या गावी मित्राकडे. प्रत्येक फाइलच्या नावात पट्टी, रेकॉर्ड आणि पुस्तिका यांचा एकच क्रमांक आहे, तुम्ही सांगितलं होतं तसाच. पाच-सहा चित्रांतली हत्यारं मला ओळखता आली नाहीत, तिथे रिकामी जागा ठेवली आहे. तेवढी सवडीने भरून द्या. आणि सोळा इंची रेकॉर्डींचा जो गठ्ठा राहिलाय, त्यासाठी लांब हाताचा टर्नटेबल मिळालाय. तुम्ही आल्याशिवाय मी तो सुरू करणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा कृतज्ञ,
खोकेवाला पुतण्या