धुऱ्यावरच्या सावरीलाही भाव मिळाला पाहिजे

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात सागवानाच्या बातम्या नेहमी येतात, मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं तेव्हा तर सगळ्या जिल्ह्याला अभिमान वाटला, वाटायलाच पाहिजे. पण धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या काटेसावरीबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमच्याकडं सावरीचं झाड पडलं की ज्याला पाहिजे तो फुकट नेतो आणि चुलीत घालतो, ते भसाभसा जळतं, निखारा काही राहत नाही.

लाकूड नरम आहे हे खरं. घराच्या मयालीला (तुळईला), दाराच्या चौकटीला ते घेऊच नये, खिळासुद्धा घट्ट धरत नाही. पण वाळलं की घनमीटरला साधारण 350 ते 400 किलो भरतं, सागवान 650 च्या आसपास जातं, एवढी सावर हलकी आहे. काडेपेटीच्या काड्या, प्लायवूडच्या आतले थर, पॅकिंगच्या पेट्या यासाठी कारखान्यात सावर चालते, मग आपल्याच गावात ती काहून वाया जाते? लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या, सावरीचा केला तर लहान लेकरालाही तो उचलून मिरवता येईल आणि पांढुरक्या लाकडावर रंगही छान उठतो.

नुकसान होतं ते तोडल्यानंतर. ओंडका महिनाभर शेतातच पडून राहतो, ओल्या सावरीत पाणी भरपूर, त्यामुळं बुरशी लगेच धरते, फळी चिरली की आत निळे-काळे डाग दिसतात, मग कीड लागते आणि खाली भुसा पडायला लागतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. तोडायचंच असेल तर हिवाळ्यात तोडा, लगेच आरामशीनवर न्या, इंचभर जाडीच्या फळ्या काढा, दोन फळ्यांच्या मधात बारक्या पट्ट्या टाकून सावलीत वारा खेळेल अशी थप्पी लावा आणि वरून दगड ठेवा म्हणजे फळी वाकत नाही. या लाकडातून पाणी पटकन निघतं, सागवानासारखी वाट पाहावी लागत नाही. ताज्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून मग वाळवल्या तर कीडही लागत नाही, फक्त अशी फळी उघड्यावर पावसात वापरू नका, औषध धुऊन जातं.

सगळ्या सावरी तोडा असं माझं म्हणणं बिलकुल नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून झाड लाल होतं तेव्हा मधमाश्या, मैना, खारी सगळ्या त्याच्यावरच असतात, आणि उन्हाळ्यात बोंडातला कापूस उशीला मिळतो तो वेगळा. म्हणून एक तोडलं तर दोन-चार लावलीच पाहिजेत, आणि त्यासाठी रोपवाटिकेत सागवानासोबत सावरीची रोपंही मिळाली पाहिजेत. आरामशीनवाल्यांनी ताज्या सावरीचा भाव बोर्डावर लिहावा. आणि साहेब, तुमच्या वार्ताहरानं पोळ्याच्या आधी इकडच्या वाढई (सुतार) लोकांना भेटून एक बातमी करावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. चंद्रपूर