बारा वाजायच्या आत

प्रिय आई-बाबा,

सप्रेम जयभीम.

काल आपल्या घरी भिक्खूंना भोजनदान झालं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एकाच जागी राहतात तेव्हा, विहारात यादी लागते, रोज एक घर. हा रविवार मी मागून घेतला होता. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी “आले नवे भटजी” म्हणून फोन ठेवला असता, म्हणून पत्र.

आई, खीर तळाला लागली. वरची वरची दुसऱ्या पातेल्यात काढली, तरी वास राहिलाच. शेजारच्या काकू कोळंबी करू म्हणत होत्या. चालतं म्हणे, आपल्यासाठी मारलेलं भिक्खूनं पाहिलं-ऐकलं नसेल आणि तसा संशय नसेल तर. मी वांगं-बटाट्यावरच भागवलं. पावसात बाजारात जायचा कंटाळा, खरं सांगते.

गल्लीत गुडघाभर पाणी. दोघे भंते अंगावरचं चीवर वर धरून आले तेव्हा अकरा वीस झाले होते. मध्यान्हानंतर त्यांना जेवता येत नाही, त्यामुळे त्रिशरण-पंचशील म्हणतानाही माझी नजर घड्याळावर. मोठे भंते हसले. म्हणाले, “मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो सध्या पाऊणच्या सुमाराला. पण बाराच धरलेले बरे, नाहीतर रोज पाच मिनिटं वाढत जातात.”

मग माझी फजिती. ताटं वाढून समोर ठेवली आणि हात जोडून उभी राहिले. दोघेही नुसते बसलेले. मला वाटलं, खिरीचा वास गेला नाकात. काकूंनी कोपरखळी मारली, “अगं, हातात दे!” कुणी हातानं दिल्याशिवाय ते घेत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आले आणि विसरले. तेव्हा चाळीत तू मला प्रत्येक भांड्याला हात लावायला लावायचीस. मला वाटायचं, उगाच कामाला जुंपतेस.

आता बाबा, तुमचं. निघताना मी दोघांना पाकीट दिलं. धाकट्या भंतेंनी हात लावला नाही. म्हणाले, पैसे घेत नाही, द्यायचाच तर अंगाचा साबण द्या. मोठ्यांनी मात्र घेतलं. हसा खुशाल! मलाही ते खटकलं. भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक, हा बाबासाहेबांचा प्रश्न तुम्ही मला शाळेत असताना पाठ करून घेतला होता, तो तिथेच आठवला. पण एका पाकिटावरून सगळ्यांना भटजी म्हणणं मला पटत नाही. भटजीला मुहूर्त काढायला बोलावतात. या दोघांनी माझ्याकडून काही करून घेतलं नाही, नवऱ्याच्या दारूबद्दल काकू बोलायला लागल्या ते ऐकत बसले आणि आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आले. धाकटेच नाही, मोठेसुद्धा.

आणि आजोबांनी ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दीक्षा घेतली, ती दिली कुणी? भदंत आनंद कौसल्यायन यांनी, म्हणजे एका भिक्खूनंच. ही गोष्ट तर तुम्हीच सांगता, तीही दर ६ डिसेंबरला.

आश्विन पौर्णिमेनंतर विहारात ‘कठीण चीवरदान’ आहे, भिक्खूंना वस्त्रं द्यायचा कार्यक्रम. तेव्हा या. पाकिटाचं मोठ्या भंतेंना तुम्हीच विचारा, माझी हिंमत झाली नाही. आई, येताना गावचे तांदूळ आण, खिरीपुरते.

तुमची,
धाकटी