मेंदूतला पेसमेकर आणि मनाची नोंद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पार्किन्सन्सवरच्या (कंपवातावरच्या) 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' म्हणजे डीबीएस या, मेंदूत बारीक तार बसवून विजेचे ठोके देण्याच्या शस्त्रक्रियेच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो: आधी थरथरणारा हात, मग त्याच हाताने न सांडता उचललेला पाण्याचा पेला, शेजारी हसरे कुटुंब. बातमी खोटी नसते. रुग्णाची निवड योग्य असेल तर कंप, ताठरपणा आणि गोळीचा अंमल उतरला की अंग अडकून बसणे, हे खरोखर कमी होते. पण त्या बातमीत मनाबद्दल अवाक्षर नसते. पहिल्या वर्षभरात काही रुग्ण उदास होतात, काहींना कशातच रस वाटेनासा होतो, काही उलट नको इतके उत्साही होतात, आणि घरचे म्हणतात, 'वयाप्रमाणे स्वभाव बदलला.' यातले बरेच बदल यंत्राच्या सेटिंगमुळे किंवा गोळ्यांच्या डोसमुळे आलेले असतात, म्हणजे दुरुस्त होण्यासारखे असतात. मात्र ते कोणीतरी तारीखवार लिहून ठेवलेले असावे लागतात.

तार बहुतेक वेळा सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या, मेंदूत खोलवर असलेल्या पेशींच्या पुंजक्यात बसवतात. हा पुंजका हरभऱ्याच्या दाण्याएवढा असेल नसेल. त्याचा वरचा-बाहेरचा भाग हालचालींचा आणि खालचा-आतला भाग भावनांच्या यंत्रणेशी जोडलेला. नेहमीच्या तारेच्या टोकाला चार कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज बाहेर सोडणारे धातूचे तुकडे, असतात, प्रत्येक दीड मिलिमीटर लांबीचा. छातीच्या कातडीखाली बसवलेल्या बॅटरीतून त्यांतल्या निवडलेल्या कॉन्टॅक्टला सेकंदाला साधारण १३० ठोके मिळतात. कोणता कॉन्टॅक्ट चालू आहे आणि किती मिलिअँपिअरवर, त्यावरून वीज कुठवर पसरते ते ठरते. ती खालच्या भागात झिरपली की हात शांत राहतो आणि मन हलते.

किती बारीक हिशेब आहे हा? १९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एका ६५ वर्षांच्या बाईंची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. डाव्या तारेचा सर्वांत खालचा कॉन्टॅक्ट चालू करताच काही सेकंदांत त्या रडू लागल्या, जगायला नको म्हणू लागल्या. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सगळे ओसरले. त्यांना नैराश्याचा पूर्वेतिहास नव्हता. ज्या जागेमुळे त्यांचा पार्किन्सन्स आटोक्यात येत होता, ती तिथून फक्त २ मिलिमीटर वर होती. मोहरीच्या एका दाण्याचे अंतर.

म्हणून प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे यंत्राचे सेटिंग ठरवण्याच्या, पहिल्या बैठकीला घरचा माणूस आत बसलेला असावा. रुग्ण रात्रीपासून गोळी न घेता आलेला असतो, त्यामुळे ठाण्याहून किंवा कोपरखैरण्याहून सकाळच्या लोकलने नेण्याचा अट्टहास नको. गाडी करा आणि सकाळचा डोस पिशवीत ठेवा. आत एकेक कॉन्टॅक्ट तपासतात, प्रवाह अर्ध्या-अर्ध्या मिलिअँपिअरने वाढवतात. डॉक्टर मनगट फिरवून ताठरपणा बघतात, बोटांची उघडझाप करायला लावतात, जीभ जड होतेय का ते ऐकतात. त्यासाठी 'ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा' म्हणवून घेतले तरी पुरते. प्रत्येक पायरीला 'आत्ता मनाला कसं वाटतंय?' हा प्रश्नही आला पाहिजे. विनाकारण हसू फुटले किंवा डोळे भरून आले तर त्या कॉन्टॅक्टचा नंबर लिहून घ्यायचा. खोलीत सगळे ठीक वाटले म्हणून काम संपले असेही नाही. ताठरपणा मिनिटा-दोन मिनिटांत उत्तर देतो, मूड काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी. तोवर माणूस घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा घरी सोफ्यावर असतो आणि डॉक्टरांसमोर पुढचा रुग्ण.

घरी शंभर पानी वही पुरते. रोज एक ओळ: तारीख, प्रोग्रॅमचा नंबर, डावीकडे प्रवाह किती, उजवीकडे किती, गोळ्या किती वाजता, झोप किती तास, आणि मनाबद्दल एक वाक्य. 'मूड चांगला' असे लिहून उपयोग नाही, काय केले ते लिहा. उदाहरणार्थ: 'मंगळवार. डावी २.४, उजवी २.१. झोप ३ तास. पहाटे चारला माळ्यावरची भांडी उतरवली. दुपारी फोनवरून दोन मिक्सर मागवले.' ही ओळ वाचून जाणकार डॉक्टर लगेच सावध होईल. कमी झोपूनही न दमणे, अखंड बडबड, उधळपट्टी, चिडखोरपणा ही अतिउत्साहाची लक्षणे आहेत, आणि ती सेटिंग बदलल्यावर थोड्याच दिवसांत दिसली तर संशय खालच्या कॉन्टॅक्टवर. अडचण अशी की रुग्णाची स्वतःची काही तक्रार नसते. वर्षानुवर्षे जखडलेला माणूस मोकळा झाला म्हणून घरचेही खूश असतात, मिक्सरची बिले येईपर्यंत. उपाय बहुधा साधा असतो: वरचा कॉन्टॅक्ट निवडणे, प्रवाह थोडा उतरवणे, गोळ्या कमी करणे. सेटिंग आणि गोळ्या एकाच दिवशी बदलल्या तर नेमके कशाने काय झाले ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच बदल करून मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, असा आग्रह धरा. रुग्णाकडच्या रिमोटने घरच्या घरी 'जरा वाढवून बघू' हा उद्योग तर नकोच.

याच्या उलट टोकाला औदासीन्य, आणि ते जास्त फसवे. सबथॅलॅमिक शस्त्रक्रियेनंतर गोळ्यांचा डोस बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. कुटुंबाला तो विजय वाटतो. पण लेव्होडोपा, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्या गोळ्या हातापायांपुरत्या नसतात. उमेद, ओढ, 'चला, करू या' हे वाटणेही त्यांच्यावर चालते. तार हालचाल सांभाळते, उमेदीची जागा भरून काढत नाही. गोळ्या भरभर उतरवल्या की काही महिन्यांनी चित्र असे दिसते: चाल सुधारलेली, हात स्थिर, पण माणूस तलावपाळीला एक फेरी मारायला उठत नाही. रडत नाही, कुरकुर नाही, वाढले तर जेवतो. याला घरात 'आळशी झालेत' म्हणतात. हे नैराश्यच असेल असे नाही. नैराश्यात दुःख, अपराधीपणा, निराशा असते. औदासीन्यात बहुधा काहीच वाटत नाही. दोन्हींवरचे उपचार वेगळे असल्याने हा फरक डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे. औदासीन्यात कमी केलेल्या गोळ्यांतला काही भाग परत वाढवून बघतात. आणि त्याच गोळ्या जास्त झाल्या तर जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वागणे यांतला ताबा सुटू शकतो. तराजू असा नाजूक आहे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अचानक तोडल्या तर काहींना घबराट, घाम आणि खोल उदासी येते, हेही ध्यानात असू द्या.

चेहऱ्यावरून काही ओळखायला जाऊ नये, कारण कंपवातात चेहरा कोरा राहतो आणि आवाज बसलेला असतो. 'कसे आहात?' या प्रश्नाला 'बरंय' हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा: कालचा दिवस कशात गेला? नातवाचा फोन आला तेव्हा काय बोललात?

आता जड भाग. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांच्या एका पाहणीत ५,३११ रुग्णांमध्ये २४ आत्महत्या आणि ४८ प्रयत्न नोंदले गेले. धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक होता. शस्त्रक्रियेनंतरचे नैराश्य, जोडीदार नसणे आणि आवेगावर ताबा नसण्याचा पूर्वेतिहास यांच्याशी त्याचा संबंध दिसला. पुढे शस्त्रक्रिया आणि नुसती औषधे यांची थेट तुलना करणाऱ्या एका अभ्यासात आत्महत्येच्या विचारांत ठळक फरक आढळला नाही, म्हणून घाबरून शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही. पण 'मी नसलो तर बरं' हे वाक्य ऐकले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डीबीएसच्या टीमला फोन करा आणि माणसाला एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते.

इथे ठाणेकरांना वेगळे सांगायची गरज नाही. आमच्या गावाचे नाव घेतले की उभ्या महाराष्ट्राला मनोरुग्णालय आठवते आणि 'ठाण्याला पाठवायला झालाय' हा विनोद ठरलेला. गंमत सोडून देऊ, पण त्यामुळे मेंदूत तार बसवायला तयार झालेले कुटुंब मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की बिचकते. खरे तर शस्त्रक्रियेआधीच मनाची आणि स्मरणशक्तीची तपासणी व्हायला हवी. पूर्वी नैराश्य होते का, घरात कोणाला होते का, जुगार किंवा कर्ज आहे का, हे तेव्हाच सांगा. लाजेखातर लपवलेली गोष्ट पुढे महागात पडते. नैराश्याकडे कल असेल तर ग्लोबस पॅलिडस या मेंदूतल्या दुसऱ्या केंद्राच्या आतल्या भागात तार बसवण्याचाही विचार होतो. तिथे हालचालींचा फायदा साधारण तेवढाच मिळतो, मात्र गोळ्या तितक्या कमी करता येत नाहीत.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना गोळ्यांची पूर्ण यादी न्या. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन या पार्किन्सन्सच्याच गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर नैराश्याच्या काही औषधांशी त्यांचे जमत नाही. भास किंवा अतिउत्साहासाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापिन दिल्यास पार्किन्सन्स बिघडतो. गरज पडली तर क्वेटियापिन किंवा, नियमित रक्ततपासणीसह, क्लोझापिन वापरतात.

बॅटरीबद्दल एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चार्जिंगची बॅटरी असलेल्या रुग्णाला औदासीन्य आले तर तो चार्जिंगलाही उठत नाही. बॅटरी उतरते, अंग ताठरते, मन आणखी खचते, आणि कुटुंब म्हणते रोग वाढला. म्हणून चार्जिंगचा वार ठरवून ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. चार्जिंग नसलेल्या बॅटरीची पातळी दर महिन्याला रिमोटवर बघून त्याच वहीत टाकावी.

आपल्याकडे पुढची डीबीएसची बातमी आली की वार्ताहरांनी सर्जनला पेल्याच्या फोटोबरोबर एवढे विचारावे: शस्त्रक्रियेआधी मानसिक तपासणी कोणी केली, सहा महिन्यांनी ती पुन्हा कोण करणार, आणि रविवारी रात्री रुग्ण रडू लागला तर कुटुंबाने फोन कुठे करायचा?

आपले,
पार्किन्सन्स रुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करणारे काही जण,
ठाणे (पश्चिम)